पो म्हणजे हात, पो म्हणजे पाच

पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन. तिथला सर्वांत गजबजलेला बाजार 'मर्कादो क्वात्रो' या नावानं ओळखला जातो. क्वात्रो म्हणजे स्पॅनिशमध्ये चार. थोडक्यात, चार नंबरचा बाजार. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो मांडिओका इथे ढिगांनी विकला जातो. चीज आणि मांडिओकाच्या पिठाचे 'चिपा' नावाचे पाव टोपल्यांतून फिरतात. घासाघीस, थट्टामस्करी, वादावादी बहुतेक ग्वारानी भाषेत चालते. पण भावाचा आकडा तोंडी आला की बोलणारा रूळ बदलतो आणि स्पॅनिशवर जातो. आकडा संपला की पुन्हा ग्वारानी. या सरमिसळ बोलीला तिथले लोक 'जोपारा' म्हणतात.

गंमत म्हणजे हे आकडे ज्या चलनाचे, त्याचं नावही 'ग्वारानी'च. १९४३ साली पॅराग्वेनं पेसो सोडून हे चलन स्वीकारलं. एका अमेरिकी डॉलरला हजारो ग्वारानी मोजावे लागतात, त्यामुळे किरकोळ खरेदीही हजारांच्या भाषेत होते. ज्या लोकांविषयी 'यांना चारच्या पुढे मोजता येत नाही' असं युरोपियनांनी लिहून ठेवलं, त्यांच्याच नावाचं चलन, आणि त्यात साध्या पावाची किंमतही हजारांत!

चारच्या पुढे मोजता येत नाही, हे विधान अडीचशे वर्षं पुस्तकांतून फिरत आलं आहे. शाळेत ग्वारानी मोजणी आणि गणित यांची सांगड घालायची म्हटलं की आधी त्याच्याशी गाठ पडते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

चार, आणि एक बिनजोडीचा

ग्वारानी भाषेचा पहिला मोठा कोश आंतोनियो रुईस दे मोंतोया या जेझुइट पाद्र्यानं रचला. तो लिमाचा, १५८५ साली जन्मलेला. त्याचा 'तेसोरो' माद्रिदला १६३९ मध्ये छापला गेला, आणि लगोलग १६४० मध्ये व्याकरण व शब्दसंग्रह. त्याच्या नोंदींत स्वतंत्र संख्यानामं चारच सापडतात. आजच्या उच्चारानं ती अशी: पेतेईं, मोकोंई, म्बोहापी, इरुन्दी.

पाचापासून मोजणी शरीरावर येते. पाच म्हणजे माणसाचा एक हात, दहा म्हणजे दोन हात, आणि वीस म्हणजे हात व पायही. अख्खा माणूस मोजून झाला की वीस होतात. आपल्या जुन्या व्यापारात वीस नगांची 'कोडी' होती, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे परकं वाटणार नाही.

पाचासाठी मोंतोयानं आणखी एक रीत नोंदवली आहे. तिचा अर्थ साधारण असा: 'चार आणि एक सोबतीविना'. ग्वारानीत 'इरू' म्हणजे सोबती, आणि 'इरुन्दी' या चारच्या नावातही अभ्यासकांना तोच सोबती दिसतो. चार म्हणजे जोडीला जोडी. त्यावर एक आला की तो एकटा पडतो. मुठीत चिंचोके धरून 'एकी की बेकी' खेळलेल्या कुणाही मराठी माणसाला यातलं गणित लगेच कळेल. सम आणि विषम ही जोडी इथे पाठ्यपुस्तकातून आलेली नाही, ती संख्येच्या नावातच बसली आहे.

शब्द चार असले तरी मोजणी चारावर थांबत नव्हती. शब्द संपले तिथे हात पुढे येत होता.

रविवारची मोजणी

जेझुइटांनी १६०९ पासून ग्वारानींना मोठ्या वसाहतींत एकत्र आणलं. पुढे अशी तीस गावं उभी राहिली, आणि १७३२ च्या सुमारास त्यांत एक लाख चाळीस हजारांवर लोक राहत होते. स्पेनच्या राजानं १७६७ मध्ये जेझुइटांना हाकलेपर्यंत हा कारभार चालला.

या काळाची एक साक्ष मार्टिन डोब्रित्सहोफर या ऑस्ट्रियन पाद्र्यानं ठेवली आहे. अठरा वर्षं तिकडे काढून तो परतला आणि १७८४ मध्ये व्हिएन्नात त्यानं आपला लॅटिन ग्रंथ छापला. तो सांगतो की चारापेक्षा जास्त वस्तूंविषयी विचारलं की ग्वारानी माणूस 'न्दिपापाहावी' म्हणून मोकळा होतो, म्हणजे 'मोजता न येण्याजोगं'. पण संख्या तर हव्यात. व्यवहाराला हव्यात आणि त्याहून जास्त कबुलीजबाबाला हव्यात. पाप किती वेळा केलं हे पाद्र्याला सांगता आलं पाहिजे. (ग्वारानीत मोजण्याला शब्द आहे 'पापा'. हा योगायोग मराठी कानालाच ऐकू येईल.) म्हणून चर्चमध्ये रोज स्पॅनिश आकडे शिकवले जात, आणि रविवारी सगळं गाव मिळून एकपासून हजारापर्यंत मोठ्यानं स्पॅनिशमध्ये म्हणत असे.

याचा उपयोग झाला नाही, असं तोच कबूल करतो. आकडे सगळ्यांना म्हणता येत, पण प्रत्यक्ष मोजताना गोंधळ उडे. संगीत, चित्रकला, मूर्तिकाम या लोकांना आकड्यांपेक्षा सहज येतं, असा त्याचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष वाचताना मराठी वाचक थबकेल. ज्यानं एकदा तरी तबल्यावर तीनताल धरला आहे, त्याला माहीत असतं की मात्रा चुकली की गाणं कोसळतं. या गावांत वाद्यवृंद होते आणि वाद्यं तिथेच घडवली जात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या छापखान्यात पुस्तकं छापली गेली. निकोलास यापुग्वाय या ग्वारानी लेखकाची धार्मिक पुस्तकं त्यातलीच. खिळे जुळवणारे, समेवर येणारे, नेमक्या लांबीची तार बसवणारे लोक मोजू शकत नव्हते, हे पटण्यासारखं नाही. त्यांना जमत नव्हतं ते परक्या भाषेतल्या हजार आवाजांची वस्तूंशी गाठ घालणं. ते कुणालाही जमलं नसतं.

डोब्रित्सहोफरनंच शेजारच्या अबिपोन लोकांविषयी लिहिलेली एक हकिगत इथे आठवते. घरातून निघताना ते घोड्यावरून मागे एक नजर टाकत, आणि कुत्र्यांच्या मोठ्या घोळक्यात एखादं कमी असलं तर लगेच त्याला हाका मारू लागत. न मोजता हे कसं जमतं, याचं त्याला नवल वाटे. म्हणजे उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर होतं, फक्त ते स्पॅनिश आकड्यांत नव्हतं.

जुन्या हाताचे नवे आकडे

आज पॅराग्वेच्या शाळेत जे ग्वारानी आकडे शिकवले जातात ते मोंतोयाच्या काळचे नाहीत. विसाव्या शतकात भाषेच्या जाणकारांनी जुन्याच मालातून नवी घडण केली. 'पो' म्हणजे हात, तोच पाच झाला. पुढची नावं हातावर बोटं चढवत जातात: पो आणि पेतेईं मिळून 'पोतेईं', सहा. पो आणि मोकोंई मिळून 'पोकोंई', सात. मग 'पोआपी' आठ आणि 'पोरुन्दी' नऊ. दहाला 'पा', 'संपलं, सगळं झालं' या अर्थाचा हा प्रत्यय. दोन्ही हातांची बोटं संपली. अकरा 'पातेईं', बारा 'पाकोंई', वीस 'मोकोंईपा' म्हणजे दोन-दहा. शंभराला 'सा', हजाराला 'सु'. गणिताला शब्द 'पापापी-क्वाआ', संख्यांचं ज्ञान.

शिकवणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर ही रचना हेवा वाटावा इतकी नीटनेटकी आहे. 'आठ' हा मराठी शब्द आपल्या पोटात काय आहे ते सांगत नाही. 'पोआपी' सांगतो: एक हात आणि तीन बोटं. पाच अधिक तीन ही बेरीज संख्येचं नाव घेतानाच होऊन जाते. पहिलीतल्या मुलानं पाचाच्या गटात वस्तू पाहाव्यात म्हणून आपण ताळ्याच्या खुणा शिकवतो. इथे ती खूण भाषेतच आहे.

अशा नावांचा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असा पर्यायी उच्चार आला आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर तेव्हा पुन्हा पुन्हा सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, अडखळणाऱ्या मुलाला एक सोपी पायरी दिली आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी करत शेवटी एकदम नव्याण्णव गाठणारी आपली नावं मुलांना जड जातात, हे घरोघरचे पालक जाणतात. चिनी, जपानी, कोरियन मुलांना संख्यानामांच्या सरळ रचनेचा दशक-एकक समजायला फायदा होतो, असं संशोधकांनी मांडलं आहे. ग्वारानीचे नवे आकडे त्याच पंगतीतले.

मग अडतं कुठे? बाजारात. शाळेत 'पोआपी' शिकलेलं मूल घरी येतं तेव्हा आई 'ओचो' म्हणते, आजोबा 'ओचो' म्हणतात, बसचा वाहक 'ओचो' म्हणतो. सगळे ग्वारानीच बोलत असतात, पण चारच्या पुढचा आकडा बहुधा स्पॅनिश असतो. परंपरा म्हणून शिकवलेला शब्द मुलाच्या आजीनंही कधी वापरलेला नसतो. स्पॅनिश न येणाऱ्या मुलाला पूर्वी एक परकी मोजणी होती. शुद्ध ग्वारानीचा हट्ट धरला तर दोन होतात.

पॅराग्वेच्या दोन हजारांच्या नोटेवर हा सगळा पेच एकत्र दिसतो. त्या नोटेवर आदेला आणि सेल्सा स्पेरात्ती या दोन शिक्षिका बहिणींची चित्रं आहेत. रक्कम स्पॅनिशमध्ये लिहिली आहे आणि ग्वारानीतही, 'मोकोंई सु'. हातात नोट घेणारे बहुतेक लोक ग्वारानी जाणतात. 'मोकोंई सु' म्हणून ती देणारा मात्र विरळा.

सागरगोट्यांची शाळा

पॅराग्वेच्या १९९२ च्या संविधानानं स्पॅनिश आणि ग्वारानी दोन्हींना राजभाषा केलं, आणि शाळेची सुरुवात मुलाच्या मातृभाषेत व्हावी असंही नोंदवलं. २०१० मध्ये भाषांचा स्वतंत्र कायदा आला. ६१ लाख लोकांच्या या देशात ग्वारानी बोलणारे बहुसंख्य लोक स्वतःला आदिवासी मानत नाहीत, अशी स्थिती अमेरिका खंडात दुसरीकडे क्वचितच आढळेल. तरी गेल्या शतकात बराच काळ शाळेत ग्वारानी बोललं की शिक्षा होत असे. तिथून संविधानापर्यंतचा पल्ला मोठा होता. संविधानातून वर्गातल्या गणितापर्यंत पोचणं त्याहून अवघड निघालं.

त्या वाटेवरचा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. २०११ मध्ये कोर्दिलेरा या प्रांतात बालवर्गांसाठी गणिताचा एक श्राव्य कार्यक्रम सुरू झाला. शिक्षण मंत्रालयाच्या जोडीला आंतर-अमेरिकी विकास बँक होती. कार्यक्रमाचं नाव 'तिकिचुएला'. तिकिचुएला म्हणजे पाच खड्यांचा खेळ, आपल्या सागरगोट्यांचा सख्खा भाऊ. एक खडा वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे: आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चाराचे तुकडे किती प्रकारे पडतात, हे मूल हातानं शिकतं.

बालवर्गातल्या अनेक शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण नव्हतं. म्हणून ध्वनिमुद्रित पाठ वर्गात वाजत, गाणी, गोष्टी, हालचाली येत, आणि शिक्षक त्यांच्या बरोबरीनं वर्ग चालवत. भाषा ग्वारानी आणि स्पॅनिश, दोन्ही. अडीचशेहून जास्त शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना हा कार्यक्रम दिला आणि काहींना नेहमीचंच शिक्षण, म्हणजे तुलना करता यावी. कार्यक्रम मिळालेल्या मुलांचे गुण ०.१६ प्रमाण विचलनानं वर गेले. आकडा दिसायला लहान आहे, पण बालवर्गाच्या काही महिन्यांसाठी तो मोलाचा. त्याहून महत्त्वाचं असं की घरी ग्वारानी बोलणाऱ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना सारखाच लाभ झाला. मागे पडलेली मुलं पुढच्यांच्या जवळ आली. एक उणं मात्र राहिलं: मुलगे मुलींपेक्षा जास्त पुढे गेले आणि दोघांतलं अंतर वाढलं. भाषेची दरी सांधताना दुसरी एक रुंदावली, हे अभ्यासकांनी लपवलं नाही.

तिकिचुएलाचा धडा असा की परंपरा शब्दांच्या यादीत शोधली तर हाती थोडंच लागतं. खड्यांच्या खेळात, हाताच्या बोटांत, जोडी लावण्याच्या सवयीत शोधली तर गणित आधीपासून तिथे असतं.

दिलेले मासे परत येतात

असा शोध घेणाऱ्या विद्याशाखेला नाव मिळालं ते ब्राझीलमध्ये. साओ पाउलोचे गणितज्ञ उबिरातान द'आंब्रोसियो (१९३२-२०२१) यांनी सत्तरच्या दशकात 'एथ्नोमॅथेमॅटिक्स' हा शब्द रूढ केला. प्रत्येक समाज आपल्या परिस्थितीला समजून घेण्याची, मोजण्याची, मापण्याची रीत घडवतो आणि शाळेतलं गणित ही त्यातली एक रीत, असं त्यांचं म्हणणं. २००५ साली त्यांना गणितशिक्षणातलं फेलिक्स क्लाइन पदक मिळालं.

ब्राझीलमध्येच मारियाना फेरेरा या संशोधक शिंगू नदीच्या खोऱ्यात शिकवत होत्या. तिथले त्यांचे विद्यार्थी ग्वारानी नव्हेत, किसेज्जे म्हणजे सुया. फेरेरांनी वर्गात एक गणित घातलं: काल रात्री मी दहा मासे पकडले, तीन भावाला दिले, आता माझ्याकडे किती? उत्तर आलं तेरा. कारण विचारल्यावर हिशेब मांडला गेला: भावाला जे देतो ते तो दुपटीनं परत करतो. तिनाचे सहा येणार, दहा आणि सहा सोळा, त्यातले तीन गेले, उरले तेरा. अंकगणितात एकही चूक नाही. 'देणं म्हणजे वजा' हे शिक्षिकेचं गृहीतक तेवढं त्या गावात लागू नव्हतं.

ग्वारानींकडे या व्यवहाराला शब्द आहे, 'जोपोई'. बार्तोमेउ मेलिया (१९३२-२०१९) या जेझुइट अभ्यासकानं आयुष्याची अनेक दशकं ग्वारानींमध्ये काढली. तो या शब्दाची फोड करून दाखवतो: 'जो' म्हणजे परस्परांना, 'पो' म्हणजे हात, आणि शेवटी उघडणं. एकमेकांसाठी हात उघडणं. मिळून शेत साफ करायला, घर उभारायला जमणं याला 'पोतिरों' म्हणतात. त्यातही हात आहेच. आपल्या सावडीची किंवा इर्जिकीची आठवण यावी असा हा प्रकार. म्हणजे ज्या 'पो'नं पाच मोजले जातात, तोच 'पो' देतो, घेतो आणि राबतो. वर्गात 'पो' शिकवताना त्याचा एवढाच अर्थ घेतला की पाच, तर निम्मा शब्द बाहेर राहतो.

माणशी किती गुंठे?

एथ्नोमॅथेमॅटिक्सवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: खड्यांचे खेळ आणि जोपोई शिकवून मुलं स्पर्धेत टिकणार आहेत का? आक्षेप रास्त आहे. परंपरेचं कौतुक करत मुलांना भागाकारापासून दूर ठेवणारी शाळा त्यांचं नुकसानच करते. त्याचं उत्तर ब्राझीलच्या दोउरादोस शहराकडे बघितलं की सापडतं.

मातो ग्रोसो दो सुल राज्यातल्या या शहरालगत १९१७ साली सरकारनं आदिवासींसाठी ३,६०० हेक्टर जमीन राखून ठेवली. ग्वारानी, कायोवा आणि तेरेना यांना आजूबाजूच्या जंगलांतून हलवून इथे आणलं गेलं, आणि मोकळी झालेली जमीन पुढे गुराढोरांच्या, सोयाबीनच्या शेतांखाली गेली. आज या राखीव जमिनीवर १३ हजारांहून अधिक लोक राहतात. आपल्या मापात मोजलं तर माणशी जेमतेम सव्वीस-सत्तावीस गुंठे. त्यातच घर, शाळा, रस्ता, शेती आणि जंगलाची आठवण.

याच शहरातल्या केंद्रीय विद्यापीठात २००६ पासून 'तेको आरांदू' हा ग्वारानी आणि कायोवा शिक्षकांचा पदवी अभ्यासक्रम चालतो. गणित त्यातला एक विषय. १९८८ च्या ब्राझिली संविधानानं आदिवासी समाजांना शाळेत आपली भाषा आणि शिकण्याची आपली रीत वापरण्याचा हक्क दिला, त्याचं हे फळ. ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया मिळून ग्वारानी लोक सुमारे २ लाख ८० हजार आहेत, आणि त्यांचे अनेक खटले जमिनीचे आहेत. हेक्टर, मोजणी, नकाशाचं प्रमाण, मजुरीचा हिशेब, दुकानदाराची वही हे सगळं त्यांना शत्रूच्याच अंकांत वाचावं लागतं. भागाकार त्यांना आपल्यापेक्षा जास्त लागतो. फरक एवढाच की ३,६०० भागिले १३ हजार हे उदाहरण तिथल्या मुलाला पाठ्यपुस्तकात शोधावं लागत नाही, ते दाराबाहेर पसरलेलं असतं.

म्हणून ग्वारानी मोजणी आणि शालेय गणित यांची सांगड म्हणजे जुने आकडे म्हणून दाखवणं नव्हे. संख्या आधी मुलाच्या हातात, त्याच्या भाषेत, त्याच्या देण्याघेण्यात पक्की व्हावी, आणि मग तिला पोआपी म्हणा, ओचो म्हणा की आठ. डोब्रित्सहोफरच्या गावानं हजार आकडे म्हटले, मोजणी मात्र आली नाही, कारण तिथे क्रम उलटा होता. तीच चूक आपण पाढ्यांच्या घोकंपट्टीत आजही करतो. तिला फक्त चर्च लागत नाही.

तेव्हा घरातलं पोर पाच आणि तीन करताना टेबलाखाली बोटं मोजताना दिसलं, तर 'बोटं खाली ठेव' असं म्हणू नका. हात वर घेऊन मोजू द्या.